९२ हजारांची साउंड सिस्टीम, २४ हप्ते आणि पुढचे दोन दरवाजे

प्रश्न सातपूरला नोकरी करणाऱ्या एका वाचकाचा आहे, थोडक्यात सांगतो. वय ३१, हातात येणारा पगार ५८ हजार, गेल्या वर्षी घेतलेली हॅचबॅक आणि तिचा हप्ता ११,३००. घरी बायको आणि दीड वर्षाचं लेकरू. गाडीतल्या कंपनीच्या स्पीकरचा आवाज दबका येतो, शिवाय सगळं गाणं उजव्या दारातूनच ऐकू येतं अशी त्यांची तक्रार. दुकानात गेले तर दुकानदाराने ९२ हजारांचं पॅकेज काढून दिलं, १२ हजार आता भरा, राहिलेल्या ८० हजारांचं दोन वर्षांचं लोन करून देतो, व्याज १४ टक्के. बायको नको म्हणतेय. दिवाळीला ५० हजार बोनस येणार आहे. तर घेऊ का, असा प्रश्न.

लोन काढून नका घेऊ. पण आवाज सुधारायचाच नाही असं मी म्हणत नाहीये हं, हा नाद मलाही आहे आणि रोज गाडीत तास-दीड तास काढणाऱ्या माणसाला चांगलं ऐकावंसं वाटणं यात उधळपट्टी काही नाही. मुद्दा एवढाच आहे की तुमची जी तक्रार आहे ती स्पीकर कुठे बसलाय आणि कशात बसलाय याची आहे, आणि कोटेशनमधले निम्म्याहून जास्त पैसे भलत्याच गोष्टींना चाललेत.

आधी तुमच्याच आकड्यांवर येऊ. भाडं १३ हजार, गाडीचा हप्ता ११,३००, घरखर्च १८ हजार, गावाकडे ५ हजार आणि एसआयपी ५ हजार, झाले ५२,३००. महिन्याला शिल्लक ५,७००. ८० हजारांचा १४ टक्क्यांनी २४ महिन्यांचा हप्ता बसतो साधारण ३,८४१, म्हणजे हातात राहणार अठराशे-एकोणीसशे रुपये. त्यात लेकराला एकदा ताप आला, डॉक्टर आणि औषधं झाली की महिना संपला. दोन वर्षांत एकूण भरणार ९२ हजारांच्या वर, म्हणजे ८० हजारांवर १२ हजार नुसतं व्याज, प्रोसेसिंग फी वेगळी. आणि अडीअडचणीला बाजूला ठेवलेले पैसे किती, तर तुम्हीच लिहिलंय ४० हजार. एसआयपी थांबवली तरी तुमच्या घराला महिन्याला ४७,३०० लागतात, म्हणजे हे पैसे महिनाभरही पुरत नाहीत. तुमच्या प्रश्नात मला खरी काळजी याची वाटली, स्पीकरची नाही. प्रायव्हेट नोकरी आणि पदरात लहान मूल असताना निदान तीन महिन्यांचे, म्हणजे १,४२,००० च्या आसपास, वेगळे हवेतच.

एक साधं काम करा, दुकानदाराला लोन बाजूला ठेवून रोख भाव विचारा. ९२ चे ८५-८६ झाले तर समजायचं की १४ टक्के हा नुसता लिहिलेला आकडा आहे, खरं व्याज किमतीतही घातलेलं आहे. "झिरो कॉस्ट" वाल्या स्कीमलाही हेच लागू, रोख घेणाऱ्याला जी सूट मिळते ती तुम्हाला न मिळणं हेच त्यातलं व्याज, आणि क्रेडिट कार्डवर असेल तर व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वर.

आता कोटेशन. पुढचा काँपोनंट सेट (दारातला मोठा स्पीकर आणि बारीक, तीक्ष्ण आवाजाचा छोटा ट्विटर असे वेगवेगळे) १४ हजार, मागचे कोअ‍ॅक्सियल (हे दोन्ही एकाच स्पीकरमध्ये) ८ हजार, १२ इंची सबवूफर (नुसत्या खोल बासचा मोठा स्पीकर) बॉक्ससकट १६, चार चॅनलचा अँप (स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर) १५, सबसाठी वेगळा मोनो अँप १३, चारही दरवाजे आणि डिकीचं डॅम्पिंग (पत्रा थरथरू नये म्हणून आतून चिकटवायच्या शीट) १६, वायरिंग आणि फिटिंग १०.

मागचे ८ हजार सरळ कापा. गाणं स्टिरिओत रेकॉर्ड होतं, डावा आणि उजवा असे दोनच चॅनल, आणि ते समोरून आले तर गाणारा समोर उभा आहे असं वाटतं. मागचे स्पीकर मागे बसणाऱ्यांसाठी असतात आणि तुमच्या मागे बहुतेक वेळा चाइल्ड सीट आणि डायपरची पिशवी आहे. दुकानात "सराउंड येईल" म्हणतात, पण तेच गाणं मागूनही वाजायला लागलं की समोरचं चित्र पुसट होतं, बाकी काही नाही. पटत नसेल तर आज संध्याकाळी घरी जाताना स्टिरिओच्या सेटिंगमध्ये जाऊन फेडर (पुढचा-मागचा आवाज ठरवणारं सेटिंग) पूर्ण पुढे ढकला, बॅलन्स दोन-तीन घरं डावीकडे घ्या आणि बासचा पट्टा जो सगळ्यांनी वर चढवून ठेवलेला असतो तो शून्यावर आणा. खर्च शून्य. यानेच तुमची चार आणे तक्रार कमी होईल असा माझा अंदाज आहे.

असं का होतं ते बघा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, उजव्या दारातला स्पीकर कानापासून ९०-९५ सेंटीमीटरवर आणि डावा १३०-१३५ वर, अर्थात सीट किती मागे यावर हे बदलतं. आवाज एका मिलीसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे उजव्याचा आवाज मिलीसेकंदाहून थोडा जास्तच आधी पोचतो, शिवाय जवळ असल्याने मोठाही लागतो. कान जो आधी येतो त्याच्याकडे ओढला जातो. म्हणून ५० हजारांचे स्पीकर त्याच जागी बसवले तरी गाणं उजव्या दारातूनच येणार! याला उपाय म्हणजे टाइम अलाइनमेंट, उजव्या बाजूचा आवाज तेवढाच उशिरा सोडायचा. ही सोय बऱ्याच बाहेरच्या स्टिरिओंमध्ये असते, काही कंपनीच्या युनिटमध्येही मेनूत दडलेली सापडते, नाहीतर डीएसपी (आवाजाची वेळ आणि पातळी डिजिटली जुळवणारी चिप) असलेला अँप लागतो. आणि गंमत बघा, तुमच्या ९२ हजारांच्या यादीत डीएसपी कुठेच नाही. दोन-दोन अँप आहेत पण जी तक्रार घेऊन तुम्ही गेलात तिचा इलाज त्यात नाही.

दुसरी गोष्ट दरवाजा. स्पीकरचा कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो, आणि दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी मोठी भोकं असतात ज्यांच्यावर कंपनी नुसता प्लास्टिकचा कागद चिकटवते. मागचा आवाज त्या भोकांतून पुढे येऊन पुढच्या आवाजाला मारतो आणि पहिला बळी जातो बासचा. त्यात पत्रा थरथरतो, दाराचं पॅड खडखडतं. म्हणून पुढच्या दोन दारांत बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलची शीट, आतली भोकं बंद, आणि स्पीकरखाली पक्की रिंग एवढं नीट केलं तर साध्या स्पीकरमधूनही जे निघतं ते ऐकून माणूस चकित होतो. पूर्ण पत्रा झाकायचीही गरज नसते. मात्र दाराच्या तळाशी पाणी जायची बारीक भोकं असतात ती बुजवू देऊ नका, काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी तिथूनच बाहेर पडतं, ती बंद झाली की दोन पावसाळ्यांत दार आतून गंजायला लागतं आणि मग विकताना बोंब. चार दारं आणि डिकी मिळून १६ हजार म्हणताहेत, मागची दोन आणि डिकी आत्ता नको, पुढच्या दोन दारांचे सहा-साडेसहा हजारांच्या आत व्हायला पाहिजेत, तिथे घासाघीस करा.

तिसरी गोष्ट ट्विटर. दुकानदार विचारतो "पिलरवर लावू का डॅशबोर्डवर", पिलर म्हणजे पुढच्या काचेच्या कडेचा खांब, आणि आपण "तुम्हाला योग्य वाटेल तिथे" म्हणून चहा प्यायला जातो, परत येईपर्यंत ड्रिल झालेलं असतं. डॅशच्या कोपऱ्यात काचेकडे तोंड करून लावला तर आवाज काचेवर आपटून कर्कश होतो. पिलरवर चांगला लागतो पण तुमच्या गाडीत सहा एअरबॅग असतील तर कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) त्याच पिलरच्या कव्हरमागून जाते, तिथे भोक पाडणं हा आवाजाचा नाही जिवाचा प्रश्न आहे, तिथे नकोच. आरशामागचं आतलं तिकोनी प्लास्टिक असतं ना, बहुतेक हॅचबॅकमध्ये ती जागा बरी, दारातल्या मोठ्या स्पीकरपासून फार लांब नाही आणि प्लास्टिक बिघडलं तरी तेवढाच तुकडा बदलता येतो. आठवडाभर डबल टेपने नुसता चिकटवून ठेवा, तोंड कधी समोरच्या दोन सीटच्या मधे, कधी थोडं वर करून ऐका, मग पक्का करा. चांगला फिटर याला नाही म्हणत नाही. जो म्हणतो त्याच्याकडे काम देऊ नका.

सबवूफरचं म्हणाल तर तो छान असतो यात वाद नाही. ६० हर्ट्झची लाट साडेपाच मीटरहून लांब असते, इतक्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला फारसं कळत नाही, म्हणून तो डिकीत चालतो. पण बाळाची स्ट्रोलर, गावाहून येणारं तांदळाचं पोतं, हे तुमच्याच पत्रातलं, आणि हॅचबॅकच्या डिकीत १२ इंची बॉक्स गेला की ही दोन्ही मागच्या सीटवर. बायको नको म्हणतेय ती बहुधा यासाठी, एकदा विचारून बघा. पुढे कधी घ्यावासा वाटलाच तर सीटखाली बसणारा ८ इंची अ‍ॅक्टिव्ह सब मिळतो, अँप त्यातच असतो. सीटखालून एसीची नळी मागे जाते का तेवढं आधी बघायचं.

राहिला अँप. तुमच्या स्टिरिओवर ४ गुणिले ५० वॉट लिहिलेलं असेल, खरी सलग ताकद एका चॅनलला १५ ते २० वॉट धरा. म्हणून आत्ता काँपोनंट घेताना वॉट बघू नका, सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते. ३ डेसिबल जास्त सेन्सिटिव्हिटी म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी वॉट पुरते, म्हणजे अँप न घेता अर्धा अँप घेतल्यातच जमा. डब्यावर ९१-९२ डेसिबल लिहिलेला ११ हजारांचा सेट तुमच्या गाडीत ८८ वाल्या १४ हजारांच्या सेटपेक्षा मोकळा वाजेल.

तर माझा हिशोब असा. बोनसचे ५० हजार आले की २२ हजार आवाजाला, २८ हजार अडीअडचणीच्या पैशात. २२ मध्ये काँपोनंट ११, पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग साडेसहा, रिंगा, कपलर (वायर न कापता कंपनीच्या प्लगला जोडायचा तुकडा) आणि फिटिंग धरून साडेचार. ४० अधिक २८ झाले ६८ हजार. जो ३,८४१ चा हप्ता तुम्ही भरायला तयार होतात तोच आरडीत लावा, पुढच्या दिवाळीपर्यंत ४६ हजार आणि वर थोडं व्याज, म्हणजे १ लाख १४ हजार. पुढच्या बोनसमधले परत २८ टाकले की १,४२,००० झाले, तीन महिन्यांचा खर्च भरला. आणि त्याच बोनसच्या उरलेल्या २२ हजारांत डीएसपीवाला चार चॅनलचा अँप येतो, ज्याने तुमची उजव्या दाराची तक्रार मुळातून जाईल. वर्षभर थांबायचं जिवावर येईल हे मला कळतं, पण तोवर दारं नीट झालेली असतील, आणि तेवढ्यावरच समाधान झालं म्हणून अँप न घेणारे लोकही मी बघितलेत.

एसआयपी बंद करून हे पैसे काढू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नको.

दुकानदाराकडून दोन-तीन गोष्टी बिलावर लिहून घ्या. गाडीची वायर कापायची नाही, कपलर वापरायचा, कारण वॉरंटीत असलेल्या गाडीची वायर कापलेली दिसली की उद्या इलेक्ट्रिकलचा कुठलाही बिघाड सर्व्हिस सेंटर त्याच्यावर ढकलणार. दाराचं पॅड कापायचं नाही. कंपनीचे जुने स्पीकर डब्यात घालून परत द्यायचे. हे शेवटचं फार कामाचं आहे, जुनी गाडी घेणारा डीलर तुमच्या साउंडचा एक रुपयाही धरत नाही, तेव्हा विकायच्या आधी जुने स्पीकर परत बसवायचे आणि आपले काढून पुढच्या गाडीत. काँपोनंट आणि अँप असे सोबत येतात. डॅम्पिंग आणि मजुरी येत नाही, म्हणून त्या दोन्हींवर हात आखडता ठेवायचा. पुढे अँप लावाल तेव्हा बॅटरीची मुख्य वायर फ्यूजशिवाय आत येऊ द्यायची नाही, फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, नाहीतर वायर कुठे घासली तर आग थेट बॉनेटखाली.

आणि इन्शुरन्स. बाहेरून बसवलेली सिस्टीम तुमच्या आयडीव्हीत (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आपोआप येत नाही, पॉलिसीत इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरी म्हणून वेगळी लिहावी लागते आणि तिचा प्रीमियम साधारण किमतीच्या ४ टक्के. ९२ हजारांवर तो वर्षाला ३,६८० झाला असता, वर जीएसटी, आणि हा आकडा दुकानात कोणी तुम्हाला सांगितला नसेल. ११ हजारांच्या काँपोनंटवर ४४० रुपये होतात, पाहिजे तर लिहून घ्या, नाही घेतलंत तरी चालेल. पुढच्या वर्षी अँप आला की मात्र रिन्यूअलच्या वेळी बिलाची कॉपी जोडून नोंद करून घ्याच.