विचारा बिनधास्त : फुटबॉलच्या मॅचला मैदानात जातंय कोण आता?

मागच्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती, की आपल्याकडं फुटबॉल बघणारे वाढलेत पण मैदानात जाऊन बघणारे आटत चाललेत. त्यावर एवढे मेसेज आले की क्रिकेटचे सगळे प्रश्न बाजूला ठेवावे लागले. क्रिकेटवाल्यांनी रागावू नये, पुढचा अंक तुमचाच.

प्रश्न : सर, मी जुळे सोलापूरचा. मागच्या सीझनला आम्ही चौघं मित्र रात्रीचा प्रवास करून मुद्दाम परगावी प्रोफेशनल लीगची मॅच बघायला गेलतो. अर्धं स्टेडियम मोकळं. पाण्याच्या बाटल्या गेटवरच काढून घेतल्या, आत पाण्याचा पत्ता नाही, हाफटाइमला स्टॉलवर ही एवढी लाइन. गोल झाला तेव्हा मी समोशासाठी सुट्टे मोजत होतो. नंतर लॉजवर येऊन तोच गोल मोबाइलवर बघितला. आता बाकीचे तिघं म्हणतात इथनं पुढं घरीच बघायचं. त्यांचं चुकतंय का?

उत्तर : नाही बे, काय चुकतंय त्यांचं? घरी बसलेल्याला तोच गोल सहा बाजूंनी दिसतो, हातात चहा असतो, आणि ज्याने तिकीट काढलं, रात्र जागून काढली, तो समोशाच्या लाइनीत. असला व्यवहार कोण दुसऱ्यांदा करणार.

पण सुरुवातीला असं नव्हतं हं. 2014 ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, चालू झाली तेव्हा पहिल्या सीझनला मॅचमागं सरासरी 20 हजारांच्या वर माणूस मैदानात येत होता. आठ टीम, ऑक्टोबर ते डिसेंबर एवढाच खेळ, म्हणजे आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेसारखं, वर्षातनं एकदा लागणार आणि घरातलं लहानथोर सगळं जाऊन येणार. आणि बघायला कोण तर युरोपातले स्टार, देल पिएरो, त्रेझेगे, पिरेस, अनेल्का. वय झालेलं असंना का, नाव तर होतं. पुढं लीग लांबत लांबत थेट उन्हाळ्यापर्यंत गेली, मोठी नावं गेली (ते एका अर्थी बरंच झालं, आपल्या पोरांना खेळायला मिळालं), आणि जत्रेचा रोजचा बाजार झाला. बाजाराला माणूस जातो, पण नवे कपडे घालून बायकापोरांना घेऊन जात नाही.

मग कोरोना आला. 2020-21 आणि 2021-22 असे दोन सीझन मॅच सगळ्या गोव्यात, त्याही जवळपास सगळ्या रिकाम्या खुर्च्यांपुढं. मुंबई सिटीने पहिल्यांदा ट्रॉफी उचलली ती त्यातल्या पहिल्याच वर्षी, म्हणजे घरची टीम चॅम्पियन झाली आणि मुंबईतल्या पब्लिकने ते बघितलं टीव्हीवर. मैदानात जाणं ही सवय असते रे, दर आठवड्याला कोणाबरोबर जायचं, कुठं भेटायचं, गाडी कुठं लावायची हे ठरलेलं असतं, ते एकदा मोडलं की परत जुळवायला कंटाळा येतो. पहाटेच्या तालमीसारखंच, आठ दिवस दांडी मारली की नववा दिवस उगवतच नाही.

त्यात परत वेळ. मुंबई सिटीच्या अंधेरीतल्या मैदानावर साडेसातला मॅच चालू होणार, सुटेपर्यंत साडेनऊ, तिथनं लोकलने सीएसएमटी गाठायचं आणि सोलापूरला यायला रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरायची, म्हणजे शेवटची पंधरा मिनिटं एक डोळा बॉलवर आणि एक घड्याळावर. आपलं सोडा, आपण लांबचे. पण कल्याण-विरारच्या माणसाला सुद्धा दुसऱ्या दिवशी ऑफिस असतंच की. टीव्हीवाल्यांना रात्रीची वेळ सोयीची म्हणून ठेवायची आणि मग मैदान मोकळं का म्हणून डोक्याला हात लावायचा, याला काय अर्थ आहे.

प्रश्न : दादा, मी मूळची सोलापूरच्या दमाणी नगरची, सध्या जॉबला बालेवाडीत. इथं पूर्वी पुण्याची स्वतःची टीम खेळायची म्हणे, ती कुठं गेली? आणि मुलींनी मुलींनीच मॅचला जावं का?

उत्तर : तुझ्या पहिल्या प्रश्नात दुखतंय. एफसी पुणे सिटी नावाची टीम होती, 2014 पासून बालेवाडीला खेळायची, पोरं नारंगी टीशर्ट घालून ढोल घेऊन जायची. 2019 ला क्लब बंद पडला. त्याच्या जागी हैदराबादची टीम आली, तिने 2021-22 ला ट्रॉफी पण मारली, आणि 2025 ला तिथलंही बिऱ्हाड हललं ते थेट दिल्लीला, नवीन नाव, नवीन जर्सी. आता सांग, पुण्यातल्या ज्या पोराने पाच वर्षं घसा बसेपर्यंत ओरडून घेतलं त्याने कोणाची बाजू घ्यायची? दिल्लीची? भाडेकरूच्या पोरांशी आपली पोरं मैत्री करतात आणि अकरा महिन्यांनी टेम्पो येतो तसं झालं हे. पुढच्या वेळी नवीन भाडेकरू आला की पोरं लांबनंच बघतात.

दुसरं, मुलींनी बेलाशक जावं, तीनचार जणी मिळून जा. फक्त तिकीट काढताना स्वस्तातला स्टँड न बघता फॅमिली जास्त बसतात तो बघ, गेटपासनं घरी यायची गाडी आधी ठरव. माझी पुतणी गेली होती एकदा, तिला मी विचारलं मॅच कशी झाली तर पहिलं वाक्य काय, काका टॉयलेटला कडीच नव्हती. स्कोअर तिसऱ्या वाक्यात आला. क्लबवाले फॅन वाढवायला डीजे आणतात, लाइटिंग करतात, अरे आधी कडी बसवा. घरातली बाई मॅचला यायला लागली की मागनं अख्खं घर येतं, हे आपल्या यात्रा-जत्रावाल्यांना कधीचं कळलंय.

प्रश्न : खेळाडूंनीच हात जोडून बोलावलं तर लोक येतात का?

उत्तर : येतात. एकदा तर नक्की येतात. जून 2018, अंधेरीचं स्टेडियम, भारताने चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) 5-0 हरवलं, कॅप्टन सुनील छेत्रीची हॅटट्रिक, म्हणजे एकट्याचे तीन गोल, आणि बघायला माणसं अडीच हजारांच्या आसपास. छेत्रीने मग व्हिडिओ टाकला, की शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या, आमची तोंडं बघून शिव्या द्या. तीन दिवसांनी केनियाची मॅच होती, त्याची 100 वी इंटरनॅशनल. तिकिटं संपली, पाऊस धो धो, मैदानात पाणी साठलेलं, कोणी हललं नाही, भारत 3-0 जिंकला आणि त्यातले दोन गोल छेत्रीचे. अंगावर काटा येतो अजून. पण कॅप्टनने दर मॅचला व्हिडिओ टाकायचा का? लग्नाला आग्रहाचं आमंत्रण चालतं, रोजच्या जेवणाला नाही.

प्रश्न : मी रिटायर्ड मिल कामगार. बहीण कोल्हापुरात दिलेली असल्याने जाणं-येणं असतं. तिथल्या शाहू स्टेडियमवर भाच्याबरोबर गेलो तर पाय ठेवायला जागा नव्हती. आपण लिहिता लोक मैदानात जात नाहीत, मग ती माणसं कोण होती?

उत्तर : काका, पकडलंत मला. ती माणसं फुटबॉल बघायला आली नव्हती, आपल्या तालमीची बाजू घ्यायला आली होती. कोल्हापुरात पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं क्लबची आधी नाहीत, तालमींची-मंडळांची आहेत. लेफ्ट विंगला जो पळतोय तो सकाळी तुमच्याच गल्लीत दूध आणायला दिसतो. त्याने सोपा गोल घालवला तर रात्री कट्ट्यावर त्याला तोंडावर ऐकवता येतं, वर त्याची आई खिडकीतनं म्हणते, परवा तुमच्या पोराने काय दिवे लावले होते. हे टीव्हीवर कसं दिसणार! मॅच संपली की चालत घर, ना लोकल ना पार्किंग. 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपला भारताकडनं खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारी एक आजोबा होते, पांढरी टोपी, हातात शेंगांचा पुडा. नव्वद मिनिटांत त्यांनी बॉलकडं बघितलं असेल नसेल, सगळा वेळ समोरच्या गॅलरीकडं बघून हातवारे. हाफटाइमला मी विचारलं, तिकडं कोण बसलंय? तर म्हणाले, माझे व्याही.

हुल्लडबाजीही होते तिथं, खोटं कशाला बोला, मॅच थांबवायची वेळ आलेली आहे कितीदा, आणि त्या दिवशी लहान पोरं घेऊन गेलेला माणूस पुढच्या वेळी दहादा विचार करतो. पण आपलेपणा म्हणाल तर तो आहे. कलकत्त्याचं तसंच. 13 जुलै 1997, सॉल्ट लेक स्टेडियम, फेडरेशन कपची सेमीफायनल, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान, आणि मैदानात 1 लाख 31 हजार माणूस! भायचुंग भुतियाने हॅटट्रिक केली, ईस्ट बंगाल 4-1 ने जिंकलं. आता त्या स्टेडियमची क्षमताच कमी केलीय, तरी मे 2024 च्या आयएसएल फायनलला साठ हजारांच्या वर लोक होते. घरात बाप एका टीमचा असतो म्हणून पोरगा त्याच टीमचा, मार्केटिंगवाल्यांनी कितीही पैसा ओतला तरी असला फॅन तयार होत नाही, तो जन्माला यावा लागतो, आणि त्यासाठी टीम एका जागी पन्नास वर्षं राहावी लागते.

प्रश्न : परदेशात तरी मैदानं भरतात का, का तिथंही हीच रड?

उत्तर : जागेजागेवर आहे. जर्मनीत डॉर्टमुंड क्लबच्या मॅचला 80 हजारांच्या वर लोक येतात, त्यातले 25 हजारांच्या आसपास उभे राहून बघतात, उभ्याचं तिकीट स्वस्त असतं म्हणून कॉलेजची पोरं परवडून जातात. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर लाइव्ह फुटबॉल दाखवतच नाहीत, कारण काय तर माणसाने उठून आपल्या गावच्या छोट्या क्लबला जावं. पण दर परवडेनासे झाले की तिथलाही माणूस बिथरतो. फेब्रुवारी 2016, लिव्हरपूलच्या मैदानावर संडरलँडची मॅच, लिव्हरपूल 2-0 ने पुढं. पुढच्या सीझनला सगळ्यात महाग तिकीट 77 पौंड करणार असं जाहीर झालेलं, म्हणून बरोबर 77 व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर गेले. मॅच शेवटी 2-2 झाली! आठवड्याच्या आत मालकांनी माफी मागून दरवाढ मागं घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगने, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात मोठ्या लीगने, बाहेरगावच्या फॅनचं तिकीट 30 पौंडांच्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं.

आणि चीनचं बघा. पैसा ओतून स्टार आणले, आणि 2020 चा चॅम्पियन जिआंगसू क्लब काही महिन्यांतच, फेब्रुवारी 2021 ला बंद. मालकाच्या खिशावर चाललेली टीम मालकाचा खिसा फाटला की संपते. आपल्याकडं 2025 ला आयएसएलचा अख्खा सीझन कराराच्या भानगडीत लटकला, ते वाचताना मला हेच आठवत होतं.

प्रश्न : मेस्सी आला तेव्हा हजारोंची तिकिटं खपली, मग पैसा नाही कसं म्हणता?

उत्तर : मी कधी म्हणलं पैसा नाही? डिसेंबर 2025 ला कलकत्त्याच्या सॉल्ट लेकवर मेस्सी विसेक मिनिटांत निघून गेला, तेवढा वेळ त्याच्याभोवती पुढाऱ्यांचा आणि व्हीआयपींचा गराडा, लोकांना दिसला नाही, मग बाटल्या उडाल्या, खुर्च्या उडाल्या. ते दर्शन होतं, मॅच नव्हती. दर्शनाला माणूस आयुष्यात एकदा जातो.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. रात्री दीडला अलार्म लावून चॅम्पियन्स लीग बघतो, युरोपातल्या टीमची लाइनअप राखीव खेळाडूंसकट पाठ. रविवारी म्हटलं चल, आपल्याकडच्या पोरांची मॅच आहे ग्राउंडवर, तर म्हणतो पप्पा ती लोकल आहे. काय करावं?

उत्तर : त्याला रागवू नका, तो खरं बोलतोय, लोकलच आहे. आणि आमच्या वेळी असं होतं तसं होतं हे तर बिलकुल सुरू करू नका, पोरगं हेडफोन लावेल. फक्त एकदा न्या, आणि गॅलरीत न बसता मैदानाच्या कडेला, लाइनीपासनं चार हातांवर उभं करा. टीव्हीवर बॉल दिसतो, आणि बॉल नसलेले बाकीचे वीसएकवीस जण काय करतात ते दिसत नाही. गोलकीपर नव्वद मिनिटं स्वतःशी बडबडत असतो, ते ऐकू द्या. स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही मिसळून डावीकडच्या बचावपटूला शिव्या घालतो, आपल्या सोलापूरशिवाय कुठं ऐकायला मिळणार हे. नडगीवर बूट बसल्याचा आवाज आला की आपला पाय आपोआप मागं जातो. आणि एखादा बॉल बाहेर त्याच्या पायाशी आला ना, आणि सतरा नंबरच्या पोराने हात करून मागितला, की तुमचं काम झालं, त्या दिवशी तो दीडचा अलार्म लावायचा विसरेल.

रविवारी सकाळी सातला या, ऊन चढायच्या आत. मी कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी असतो, निळी टोपी घालून. भाजक्या शेंगा माझ्याकडं असतात, पाण्याची बाटली तेवढी घेऊन या, आपल्याकडं गेटवर कोणी काढून घेत नाही. गेटच नाही.