बंद पद्मिनी चालू करताना

भाऊ, आजोबांची प्रीमियर पद्मिनी गाडी इतकी वर्षं शेडमध्ये उभी आहे, तर आधी किल्लीला हात लावू नका. पोरं बोलावून धक्का मारणं तर नकोच; जाम इंजिन त्यानं पार कामातून जातं.

चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या. मग गाडी न्यूट्रल करून इंजिन हातानं फिरतं का बघा. अडलं तर जोर नको, पुन्हा तेल.

जुनं पेट्रोल काढाच, पण शेजारचा कडबा आधी लांब हलवा. पेट्रोलला वार्निशसारखा वास आला की कार्बोरेटरही (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) उघडावा लागणार. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का? आपल्याकडे हमखास.

सेल्फ (स्टार्टर) एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. ब्रेक तपासल्याशिवाय जालना रोडला काढू नका. पॉइंट, टायमिंगचं (प्लगला ठिणगी नेमकी कधी मिळते ते) नंतर बघू.