हेलन फ्रँकेन्थेलर यांच्या चित्रांत रंग कापडात मुरल्यासारखा का दिसतो?
कारण तो खरोखरच मुरलेला असतो. अमेरिकन अमूर्त चित्रकार फ्रँकेन्थेलर (१९२८–२०११) प्राइमर (रंगाआधी कापडावर द्यायचा अस्तराचा थर) न लावलेला कोरा कॅनव्हास जमिनीवर पसरायच्या आणि टर्पेंटाइन घालून पाण्यासारखा पातळ केलेला तैलरंग त्यावर ओतायच्या. एरवी प्राइमर रंगाला वरच अडवतो. इथे अडवायला काहीच नाही, म्हणून धागे रंग पिऊन टाकतात. वयाच्या २३व्या वर्षी, १९५२ मध्ये केलेलं 'माउंटन्स अँड सी' पाहा. जलरंगाचा भास होतो, पण चित्र आहे जवळजवळ १० फूट रुंद! कोळशाच्या रेघाही तशाच ठेवल्यात. पुढच्याच वर्षी मॉरिस लुईस आणि केनेथ नोलंड हे चित्रकार ते स्टुडिओत पाहून गेले आणि त्यांनीही हीच वाट धरली. कापड जमिनीवर टाकून रंग ओतायचं मूळ मात्र चित्रकार जॅक्सन पोलॉककडे जातं. पण त्याचा रंग दाट, बराचसा वरच बसणारा. एक लक्षात ठेवा: हे तैलरंग फ्रँकेन्थेलर यांच्या सुरुवातीच्या चित्रांतले. कोऱ्या कापडाला तेल कालांतराने खातं, डागांभोवती तेलाची कडाही उमटते. १९६०च्या दशकात त्या तेल नसलेल्या ॲक्रिलिक रंगांकडे वळल्या, त्यामुळे नंतरच्या चित्रांत ती कडा शोधू नका.