पहाटे पाचला निघणाऱ्याने कोणता ॲक्शन कॅमेरा घ्यावा?

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोप्रो हिरो १३ ब्लॅक, डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ५ प्रो आणि इन्स्टा३६०चा एस प्रो २, या तिघांतला एकच घ्यायचाय. रविवारी पहाटे त्र्यंबक रोडला सायकल, पावसाळ्यात हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरीवर चढाई, आणि मुलगी गंगापूर धरणाच्या पाण्यात कयाक शिकतेय, तिलाही तोच वापरायला द्यायचा. आठवडाभर तुलनेचे व्हिडिओ बघून डोकं भणभणलंय, असं तुम्ही लिहिलंय.

आधी उत्तर देऊन टाकते. तुमच्यासाठी ऑस्मो ॲक्शन ५ प्रो. का, ते सविस्तर सांगते, कारण तुमचा वापर थोडा वेगळा असता तर माझं उत्तरही वेगळं असतं.

तुम्ही पाहिलेले बहुतेक व्हिडिओ लख्ख उन्हातले असतात. बर्फ, समुद्रकिनारा, वाळवंट. तेवढ्या उजेडात हे तिन्ही कॅमेरे इतके चांगले आहेत की, फोनच्या स्क्रीनवर कुठला कुठल्याचा हे मलाही ओळखता येणार नाही. पण आपण नाशिककर उन्हात कधी बाहेर पडतो? सायकलवाले पाचला निघतात, म्हणजे ऊन चढायच्या आत त्र्यंबकला पोचून मिसळ खाऊन परत येता येतं. आणि डोंगर हिरवे असतात ते जून ते सप्टेंबर, तेव्हा ब्रह्मगिरीवर दुपारी बारालाही संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. आपला खरा प्रश्न उजेडाचा आहे.

चित्र स्थिर कसं होतं ते एकदा समजून घ्या, मग जाहिरातीतले निम्मे आकडे आपोआप बाजूला पडतील. कॅमेऱ्यातला जायरोस्कोप प्रत्येक हिसका नोंदवतो. त्यानुसार कॅमेरा चित्राच्या कडा थोड्या कापतो आणि उरलेली चौकट हिसक्याच्या उलट बाजूला सरकवतो. उन्हात शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतंच उघडतं, त्यामुळे प्रत्येक चौकट मुळातच रेखीव असते आणि सरकवली तरी रेखीवच राहते. पहाटे तेच शटर पन्नासाव्या भागाइतका वेळ उघडं राहतं. तेवढ्यात तुमचं चाक खड्ड्यातून गेलं की ती चौकट मुळातच धूसर, फिसकटलेली येते. कॅमेरा तिला जागेवर आणून बसवतो, पण फिसकटलेलं पुसू शकत नाही. म्हणून पहाटेच्या व्हिडिओत रस्ता स्थिर दिसतो, पण झाडं आणि दिवे मधूनमधून थरथरल्यासारखे दिसतात. यावर खरा उपाय एकच, जास्त उजेड गोळा करणारा सेन्सर, म्हणजे लेन्समागची चित्र टिपणारी चकती. हिरो १३चा सेन्सर १/१.९ इंची आहे, ऑस्मो ५ प्रो आणि एस प्रो २ या दोघांचे १/१.३ इंची. क्षेत्रफळात हा फरक दुपटीच्या जवळ जातो.

आता उरले दोघे. एस प्रो २ मध्ये ८के, म्हणजे फार बारीक तपशिलाचं चित्रण आहे, लायका लेन्स आहे, वर उचलता येणारी स्क्रीन आहे. कॅमेऱ्याकडे बघून बोलत चालणाऱ्याला ती स्क्रीन फार सोयीची. पण त्याचं वजन १७७ ग्रॅम आहे, ऑस्मोचं १४६. फरक चिमूटभर वाटेल, पण कॅमेरा कपाळावर बांधून तीन तास चढलात की तो मानेला कळतो. आणि कपाळावरच बांधायचा आहे, कारण हरिहर.

निर्गुडपाड्याकडून वर आलात की त्या कातळात कोरलेल्या पायऱ्या समोर उभ्या राहतात. माझ्या ओळखीतले बहुतेक जण पहिल्यांदा छातीच्या पट्ट्यावर कॅमेरा लावून जातात, मीही तसाच लावला होता. चढ जवळपास ऐंशी अंशांचा. शरीर आपोआप कातळाला चिकटतं आणि छातीवरच्या कॅमेऱ्यासमोर वीतभर अंतरावर फक्त काळा ओला दगड उरतो. माझ्या त्या व्हिडिओत पूर्ण टप्पाभर शेवाळ, मध्येच एका खोबणीत माझी चार बोटं, आणि दर दोन पायऱ्यांनी लेन्सची कड दगडाला घासल्याचा आवाज आहे. उतरतानाही कातळाकडे तोंड करूनच उतरतो आपण, म्हणजे पुन्हा तेच. कपाळावरच्या पट्ट्यावर किंवा हेल्मेटवर लावलात तर वर महादरवाजा दिसतो, खाली दरी दिसते, पुढच्याचे पाय दिसतात. दरवाजाच्या पुढे वाकून जायची कोरीव वाट आहे आणि त्यानंतर पुन्हा पायऱ्यांचा अरुंद, काळोखा टप्पा. तिथे मोठा सेन्सर आणि लहान सेन्सर यांतला फरक शेजारी ठेवून बघण्याचीही गरज पडत नाही.

एक कळकळीची विनंती. रेकॉर्डिंग पायऱ्यांच्या पायथ्याशीच सुरू करा आणि माथ्यावर जाऊन बंद करा. त्या पायऱ्यांवर दोन्ही हात खोबण्यांत हवेत. बटण चाचपायला एक हात सोडलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या खाली माणसांची रांग होती.

सायकलला मात्र छातीचा पट्टा चालतो, फक्त आपण हँडलवर वाकलेले असतो हे लक्षात ठेवून कॅमेऱ्याचं तोंड बरंच वर करा, नाहीतर तासभर पुढचं चाक दिसेल. हँडलवर थेट लावलात तर चांगल्या डांबरावर ठीक, दुगारवाडीसारख्या फाट्यांवर बारीक कंप येतो. पहाटेसाठी अजून एक गोष्ट: मेन्यूत अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ करा आणि सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम निवडा, ३० किंवा ६० नको. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ३०वर चित्रीकरण केलं तर रस्त्यावरचे दिवे व्हिडिओत लुकलुकतात आणि लोकांना वाटतं कॅमेरा खराब निघाला.

पाण्याचं. वेगळ्या केसशिवाय कॅमेरा किती खोल चालतो याचे कंपन्यांचे आकडे असे आहेत: हिरो १३ला १० मीटर, एस प्रो २ला १२ मीटर, ऑस्मोला २० मीटर. कयाकसाठी तिन्ही पुरेसे, मुलगी काही तळाशी जाणार नाहीये. पण कॅमेरा जाईल. हे तिन्ही दगडासारखे बुडतात आणि पावसाळ्यात गंगापूरच्या गढूळ पाण्यात हातभर खालचं दिसत नाही. कयाकच्या पुढच्या भागावर चिकटणारा माउंट लावा आणि त्याशिवाय एक पातळ दोरी कयाकच्या कडीला बांधा. कॅमेरा माउंटला धरणाऱ्या चुंबकाच्या क्लिपवर एकट्यावर विसंबू नका. लेन्सवर थेंब बसतात त्याला कयाकवाल्यांचा जुना उपाय आहे, काच जिभेने ओली करायची. मग पाणी थेंब न होता सपाट पसरतं. मुलीला सांगा, तिला मजाच वाटेल.

बॅटरीचं दार पावसात उघडू नका. पहिन्याच्या धबधब्याशी मी ते केलं होतं. दमट हवा आत कोंडली गेली आणि वाऱ्याने कॅमेरा गार होताच लेन्सच्या आतून धुकं धरलं. बाहेरून कितीही पुसा, जात नाही. घरी कोरड्या खोलीत बॅटरी भरा, दाराच्या रबरावर वाळूचा कण किंवा केस नाही ना ते बोट फिरवून बघा, मग खटका लागेपर्यंत दाबा. इथे मोठ्या बॅटरीचा उपयोग होतो. ऑस्मोची १९५० एमएएच, हिरोची १९००, एस प्रोची १८००. ऑस्मोच्या जाहिरातीतले चार तास हे १०८०पी वर, स्क्रीन बंद ठेवून मोजलेले आहेत. ४केमध्ये त्याची आशा धरू नका, दोन बॅटऱ्या घ्याच.

आणि कार्ड. पैसे कमी पडले तर कॅमेरा एक पिढी जुना घ्या, ऑस्मो ॲक्शन ४ सुद्धा त्याच आकाराच्या सेन्सरचा आहे. पण कार्डात काटकसर करू नका. दोन वर्षांपूर्वी मी वडिलांना साल्हेरला घेऊन गेले. १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, आणि त्यांचं वय तेव्हा अडुसष्ट. परशुराम मंदिराशी पोचल्यावर ते कातळाला टेकून बसले, चष्मा काढला आणि सेलबारीच्या डोंगररांगेकडे बघत राहिले. मी ते सगळं घेतलं होतं. घरी आल्यावर सकाळच्या फायली उघडल्या, माथ्यावरच्या एकही उघडली नाही. कार्ड एका ऑनलाइन विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत घेतलेलं होतं. त्यावर २५६ जीबी छापलेलं, आत जागा त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. भरल्यानंतर ते लिहिल्याचं फक्त नाटक करत होतं. नाव, आकार, वेळ, सगळं दिसतं आणि आत काहीच नाही. वडील काही बोलले नाहीत, पण मला अजून लागून राहिलंय.

म्हणून कार्ड ओळखीच्या दुकानातूनच, बिलासकट, त्यावर व्ही३० हा वेगाचा दर्जा लिहिलेलं. घरी आणलं की कॉम्प्युटरवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम चालवा. तो कार्ड पूर्ण भरतो आणि पुन्हा वाचून बघतो. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. हिशोब असा: १०० एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटने, तासाला ४५ जीबी, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात तीन तासही मावत नाहीत. ऑस्मो ५ प्रोमध्ये आत ४७ जीबी जागा आहे. कार्डाने दगा दिला तर माथ्यावरच्या एका तासापुरती ती उरते. साल्हेरनंतर माझ्यासाठी याचं मोल सेन्सरएवढंच आहे.

आता गोप्रोवर अन्याय नको. तुम्ही दिवसा उन्हात उतारावर माउंटन बाइक चालवणारे असतात, तर मी हिरो १३ सांगितला असता. ५.३के मध्ये चित्र कापायला भरपूर जागा मिळते, लेन्स बदलता येतात, आणि जीपीएस कॅमेऱ्यातच आहे, त्यामुळे कसारा घाटातला वेग आणि चढ व्हिडिओवर थेट उमटवता येतो. ऑस्मोला त्यासाठी वेगळा रिमोट लागतो. फक्त जुन्या हिरोच्या बॅटऱ्या कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, १३ला त्या चालत नाहीत. ३६० अंशांच्या कॅमेऱ्याबद्दलही तुम्ही विचारलंय. एकट्याने फिरणाऱ्याला तो छान, पण त्याच्या फुगीर लेन्स दोन्ही बाजूंनी उघड्या असतात आणि हरिहरच्या कातळाला त्या पहिल्या टेकतील.

खरेदीला महात्मा गांधी रोडवर जाल तेव्हा भारतातलं बिल आणि वॉरंटी कोण देणार हे आधी विचारा. ऑस्मो आणि इन्स्टा३६० पहिल्यांदा सुरू करताना फोनवरच्या ॲपने ॲक्टिव्हेट करावे लागतात. ते तुमच्यासमोर, तुमच्याच फोनवर झालं पाहिजे. आधीच ॲक्टिव्हेट केलेला नग हातात पडला तर परत करा. डीजेआयचं मिमो ॲप अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरवर मिळत नाही, कंपनीच्या साइटवरून उतरवावं लागतं. ते घरूनच करून जा, दुकानात घाई होते.

घ्यायच्या आधी हातात धरून बघायचा असेल तर येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी गंगापूर धरणाच्या भिंतीकडे असेन. मुलीलाही आणा. माझा ऑस्मो तिच्या कयाकवर लावून बघू, बांधायची दोरी माझ्याकडे जादा आहे, ती घेऊन येते.