पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आधी कशी दिसायची, हे जुन्या फोटोंवरून कळतं का?

कळतं की. कमानी, पोर्च, खिडक्या, टॉवर यासाठी जुना फोटो बिनधास्त पुरावा धरा. रंगासाठी मात्र अजिबात नको.

कारण त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटा (फिल्मच्या जागी त्याच असायच्या) निळा उजेड पटकन टिपायच्या, लाल-पिवळा जवळपास नाहीच, त्यामुळे आकाश पांढरंफटक येतं आणि लाल काहीही असलं की काळपट. त्यात प्रिंट अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावर, तो जुना झाला की पिवळा पडतो, मग लोक फेसबुकवर टाकतात, बघा पूर्वी इमारत कशी पिवळसर होती! अहो कागद पिवळा आहे तो.

इमारत म्हणजे गणेशखिंडीचं गव्हर्नमेंट हाउस, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना १८६४ ला काम सुरू झालं, १८७१ ला संपलं, आर्किटेक्ट जेम्स ट्रबशॉ. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता तेव्हा हा घाट घातला, १८६५ ला बाजार कोसळला तरी बांधकाम चालूच, त्यामुळे खर्चावरून बोंबाबोंब झाली. विद्यापीठाकडे आली ती १९४९ ला.

आता फोटोत काय नसतं तेही बघा. स्वयंपाकघर, तबेले, नोकरांच्या खोल्या माझ्या तरी बघण्यात नाहीत, साहेबाला मिरवायचं होतं तेवढंच फ्रेममध्ये. माणसं दिसली तरी पुतळ्यासारखी उभी, कारण हललं की धूसर. आतल्या थाटामाटाचे फोटो बघून लोक हरखतात, पण प्लेग चालू असताना २२ जून १८९७ ला इथे व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ झाला आणि तिथून परतणाऱ्या रँडवर चाफेकरांनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या, हे त्या फोटोंवरून कसं कळणार.

ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात गणेशखिंडीचे जुने फोटो आहेत, तिथून सुरुवात करा. कोणाच्या घरी सापडला तर मागची बाजू पण स्कॅन करून मागा, स्टुडिओचा शिक्का नाहीतर पेन्सिलीनं लिहिलेलं साल असू शकतं. पोस्टकार्ड असेल तर जरा जपून, पोस्टाचा शिक्का पाठवल्याचं साल सांगतो, फोटो काढल्याचं नाही, एकाच जुन्या फोटोवरून वर्षानुवर्षं कार्डं छापत राहायचे.