वाचकांचे प्रश्न : वर जायला चार सेकंद, उतरायला पंचवीस

मागच्या अंकात मॉडेल रॉकेटबद्दल, म्हणजे खरोखर उडणाऱ्या छोट्या हौशी रॉकेटबद्दल, ओझरता उल्लेख काय केला, पत्रांचा ढीगच आला. कागदाची नळी, बाल्सा लाकडाचे पंख आणि प्लॅस्टिकच्या छत्रीवर (म्हणजे पॅराशूटवर) लहानपण घालवलेले इतके जण आपल्या वाचकांत असतील याची मला कल्पना नव्हती. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. ज्यांवर मला स्वतःला काही सांगता येईल, असे पाच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : लहानपणी वडील आणि मी रॉकेट उडवायचो. माझ्या आठवणीत ते कितीतरी वेळ आकाशात असायचं. परवा नातवाबरोबर तसंच एक उडवलं आणि मोबाइलवर चित्रण केलं. पाहतो तर सगळा खेळ पाच सेकंदांत आटोपलेला! आठवण मला फसवते आहे का? — एक आजोबा

तुमची आठवण ठीक आहे हो. चित्रण करणाऱ्याने मोबाइल लवकर खाली घेतला, एवढंच झालं असणार. सगळेच तसं करतात. सूं आवाज होतो, धुराची रेघ वर जाते, रॉकेट ठिपका होऊन दिसेनासं होतं आणि मग बघायला काही उरलं नाही असं वाटून चित्रण थांबवलं जातं. खरं तर तेव्हा उड्डाणाचा बराचसा वेळ बाकी असतो.

मोटरवर, म्हणजे रॉकेटमध्ये बसवायच्या दारू ठासलेल्या कागदी नळकांड्यावर, ‘ए८-३’ असं काहीतरी छापलेलं असतं, ते आठवत असेल. ‘ए’ म्हणजे मोटर एकूण किती जोर देणार ते. ए मोटरची कमाल २.५ न्यूटन-सेकंद, बी ची ५, सी ची १०, अशी प्रत्येक अक्षराला दुप्पट. ८ हा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा ३ म्हणजे रेटा संपल्यावर छत्री बाहेर पडेपर्यंतचे सेकंद. अशा मोटरचा खरा जाळ एका सेकंदाच्या आतच संपतो. पुढचे तीन सेकंद रॉकेट नुसतं मिळालेल्या वेगावर वर सरकत असतं आणि मोटरमधला हळू जळणारा थर धूर सोडत असतो, म्हणजे खालून ते दिसावं. मग आतला लहानसा स्फोट टोकाची टोपी ढकलून देतो आणि छत्री उघडते.

आता हिशेब करा. वर जायला चार सेकंद. रॉकेट शंभर मीटरवर पोचलं आणि छत्रीने सेकंदाला चार मीटर या वेगाने उतरलं, तर खाली यायला पंचवीस सेकंद. त्यात वारा सेकंदाला तीन मीटरचा असेल, तर ते पाऊणशे मीटर लांब जाऊन पडणार. तिथवर पळा, शोधा, गुंता सोडवा, परत या. तुमच्या आठवणीत हे सगळं मिळून एक उड्डाण झालं आहे आणि मला तर तेच बरोबर वाटतं.

मी हे छातीठोकपणे सांगते कारण आमच्याकडे उडवण्याचं काम थोरल्या भावाचं आणि आणण्याचं माझं. बटण त्याच्या हातात, मी वाऱ्याच्या दिशेला आधीच जाऊन उभी. त्यामुळे रॉकेटला सुरुवातीला सरळ धरणाऱ्या उभ्या सळईवरून सुटणारं रॉकेट मी फारसं पाहिलेलं नाही. उतरणारं मात्र भरपूर पाहिलं. त्यातही एक कसब असतं. रॉकेट जमिनीला टेकताना त्याच्या मागे जे झाड किंवा जो खांब दिसतो, तो नजरेतून सोडायचा नाही. पायाखाली खड्डा येवो नाहीतर काटे, मान खाली घालायची नाही. एकदा का नजर हलली की गुडघाभर गवतात पांढरी नळी शोधत तास जातो. दुसऱ्या कोणाला लांब, वेगळ्या कोनात उभं करता आलं तर उत्तमच. दोघांच्या दोन रेषा जिथे छेदतात तिथे रॉकेट पडलेलं असतं. भावाला हे कधी पटलं नाही, तो आपला अंदाजाने धावायचा.

हातात आल्यावर नळी अजून कोमट असायची. आत गंधकाचा कुबट वास, छत्री वाचावी म्हणून ठासलेल्या न पेटणाऱ्या कागदाच्या करपलेल्या कडा, दोऱ्यांची जटा. मी ती परत नेईपर्यंत सोडवलेली असायची. थंडीच्या दिवसांत छत्रीचं प्लॅस्टिक घड्यांना चिकटायचं, म्हणून भरण्याआधी तिला टाल्कम पावडर लावायची, तेही माझंच काम. नातवाला पुढच्या वेळी सांगा, छत्री जमिनीला लागेपर्यंत चित्रण चालू ठेव.

प्रश्न : आमचं रॉकेट सरळ वर जाण्याऐवजी नेहमी वाऱ्याच्या तोंडाला वळायचं. वारा त्याला मागे ढकलेल असं वाटावं, तर हे उलटंच. का? — एक वाचक

कारण वारा रॉकेटला ढकलतो तो मुख्यतः शेपटाकडे. पंख मागे, त्यामुळे हवेचा दाब जास्त मागेच पडतो. शेपूट वाऱ्याबरोबर सरकलं की टोक आपोआप वाऱ्याकडे वळतं. छपरावरचा वाऱ्याचा कोंबडा याच कारणाने वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. म्हणजे तुमच्या रॉकेटमध्ये दोष नव्हता, पंख आपलं काम करत होते. रॉकेट सरळ जायला गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्याच्या पुढे लागतो, निदान नळीच्या एका व्यासाएवढा. घरी तपासायचं तर मोटर आणि छत्री भरून रॉकेट दोऱ्यावर समतोल टांगायचं आणि डोक्याभोवती गोल फिरवायचं. टोक पुढे ठेवून फिरलं तर उडवायला हरकत नाही.

पंख गरजेपेक्षा मोठे असले तर हे वळणं जास्त होतं. सळई सोडताना वेग कमी असला तरीही होतं. सळई संपेपर्यंत ताशी पन्नासेक किलोमीटर वेग मिळाला पाहिजे, तरच पंखांना हवेची पकड येते. जड रॉकेटला मरतुकडी मोटर लावली की ते सळईवरून सुटता सुटताच मान टाकतं.

फार वाईट वाटून घेऊ नका. १६ मार्च १९२६ रोजी रॉबर्ट गोडार्ड यांनी अमेरिकेतल्या ऑबर्न इथे द्रव इंधनावरचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं. ते साधारण साडेबारा मीटर वर गेलं आणि छप्पन्न मीटर लांब कोबीच्या मळ्यात जाऊन पडलं.

प्रश्न : बाबा म्हणतात, त्यांचं रॉकेट एक किलोमीटर उंच गेलं होतं. खरं असेल? — नववीतला विद्यार्थी

बाबांची मोटर कोणती होती ते विचार. ए किंवा बी म्हणाले, तर गालातल्या गालात हसून गप्प बस. हलक्या रॉकेटला सी मोटर लावली तर तीनशे मीटरच्या आसपास जातं, आणि तेवढ्या उंचीवरही ते डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. एक किलोमीटर वाटणं अगदी साहजिक आहे. मान पूर्ण मागे गेली की उंचीचा अंदाज कोणालाच येत नाही.

पण तुझं रॉकेट किती उंच गेलं हे तू मोजू शकतोस, आणि तुझ्या पुस्तकातल्या त्रिकोणमितीला पहिल्यांदाच काहीतरी काम मिळेल. सळईपासून १०० मीटरवर मित्राला उभं कर. कोनमापकाला दोरा आणि वजन बांधून त्याच्या सरळ कडेवरून तो रॉकेट पाहत राहील, आणि छत्री उघडताक्षणी दोरा बोटाने दाबून धरेल. दोऱ्याखालचा आकडा आणि ९० यांतला फरक म्हणजे कोन. तो ५२ अंश आला, तर ५२ चा टॅन १.२८, म्हणजे उंची १२८ मीटर. मित्राच्या डोळ्यांची उंची त्यात मिळव.

एक मेख आहे. कोन मोठा झाला की तो वाचताना झालेल्या चुकीचा फटकाही मोठा बसतो. ४५ ऐवजी ४७ वाचलं तर फरक सातेक मीटरचा. ७० ऐवजी ७२ वाचलं तर थेट तेहतीस मीटरचा! म्हणून रॉकेट जेवढं उंच जाईल असं वाटतं, साधारण तेवढ्याच अंतरावर मित्राला उभं करायचं. जवळ उभं राहून मोजलेल्या उंचीवर विश्वास ठेवू नये. बाबांच्याही.

प्रश्न : माळ्यावरच्या पेटीत वडिलांच्या वेळच्या मोटरी सापडल्या. कागदी वेष्टन शाबूत आहे, ओल नाही. त्यांच्या आठवणीखातर एक उडवावी असं वाटतं. — एक वाचक

भावना समजते, तरी उडवू नका. या मोटरीत काळी दारू दाबून घट्ट बसवलेली असते आणि ती कागदी कवचाला आतून चिकटलेली असते. माळ्यावर वर्षानुवर्षं उन्हाळे-हिवाळे गेले की दारू आणि कागद वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, आकसतात. मध्ये फट पडते किंवा दारूला तडा जातो. पेटल्यावर जाळ त्या फटीत शिरतो, एकदम जास्त दारू जळते, दाब वाढतो आणि मोटर सळईवरच फुटते. बाहेरचं वेष्टन बघून आतलं काहीच कळत नाही. बादलीत पाण्यात बुडवून ठेवा. कवच फुगून उलगडेल, दारूचा चिखल होईल. कचऱ्याबरोबर जाळू मात्र नका.

तयार मोटरींचं मोल तुमच्या वडिलांच्या पिढीला जास्त ठाऊक. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह वर गेला आणि अमेरिकेतली पोरं घरात मिश्रणं कालवून लोखंडी नळ्यांत ठासू लागली. बोटं गेली, डोळे गेले. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात ऑर्विल कार्लाइल नावाचे चपला-बुटांचे दुकानदार होते. त्यांनी १९५४ मध्येच कागद आणि लाकडाचं, छत्रीने उतरणारं आणि मोटर बदलून पुन्हा उडणारं रॉकेट बनवलं होतं. व्हाइट सँड्स या अमेरिकी चाचणी तळावर क्षेपणास्त्रांवर काम केलेल्या हॅरी स्टाइन यांनी १९५७ मध्ये घरगुती रॉकेटांच्या धोक्यांवर लेख लिहिला. तो वाचून कार्लाइल यांनी त्यांना आपले नमुने पाठवले. पुढे व्हर्न एस्टस यांनी दर साडेपाच सेकंदांना एक मोटर काढणारं यंत्र उभारलं, त्याला लाडाने मेबल म्हणत. मुलांनी दारूला हात लावायचा नाही, हा या छंदाचा पाया तिथे घातला गेला. पेटीत एखादी जळून रिकामी झालेली नळी असेल तर ती ठेवा. वासही असेल अजून.

प्रश्न : मी दहा वर्षांची आहे. दादा मला कधीच बटण दाबू देत नाही. म्हणतो, तू पळत जाऊन आण. मी काय करू?

अगं, तुझा दादा आणि माझा भाऊ एकाच मुशीतले दिसतात! नीट ऐक. बटणाच्या पेटीला एक चावी असते. ती लावल्याशिवाय बटण कितीही दाबलं तरी काही होत नाही. आणि नियम असा, की इग्नायटरला, म्हणजे मोटर पेटवणाऱ्या बारीक तारेला, पेटीच्या वायरींच्या क्लिपा जोडायला जो सळईपाशी जातो, चावी त्याच्या खिशात असते. दादाने मागे उभं राहून चुकून बटण दाबलं तरी हात भाजू नये म्हणून.

तेव्हा बटण मागू नकोस, क्लिपा जोडायचं काम माग. अर्थात मोठं माणूस शेजारी असतानाच. क्लिपा काळ्या पडल्या असतील तर आधी सँडपेपरने घास. इग्नायटरचं टोक आत दारूला टेकलेलं आहे ना, बघ. दोन क्लिपा एकमेकींना लागू देऊ नकोस. सळईवर वाकू नकोस, डोळ्यांना धोका असतो. मग चावी खिशात घेऊन निदान पाच मीटर मागे ये. तू चावी देईपर्यंत दादाला काहीही करता येणार नाही. रॉकेट उडालं नाही तर चावी काढायची आणि पूर्ण एक मिनिट कोणीही जवळ जायचं नाही, दादानेसुद्धा.

आणि आज आणायला कोण पळणार, ते चावी त्याच्या हातात देण्याआधी ठरवून घे.