'गेम टाकला' की 'गेम चढवला'?

दारव्ह्याकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे : जेलब्रेक केलेल्या, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडलेल्या, प्लेस्टेशन ३ या गेमच्या कन्सोलमध्ये पीकेजी फाइल (गेम इन्स्टॉल करायचं पॅकेज) 'टाकली' म्हणावं, 'चढवली' की 'मारली'? दुकानात तिन्ही ऐकू येतात.

तिन्ही वापरा, पण एकाच कामासाठी नको. लॅपटॉपातून पेनड्राइव्हात फाइल घेतली, तर ती 'टाकली'. कन्सोलनं ती उलगडून आपल्या हार्ड डिस्कवर गेमचं फोल्डर तयार केलं, की 'चढवली'. 'मारणं' फर्मवेअरसाठी, म्हणजे कन्सोलच्या मूळ सॉफ्टवेअरसाठी, राखा. फोनलाही आपण सॉफ्टवेअर मारतोच. अपलोडला 'चढवणे' म्हणतात हे खरं, पण कन्सोलसमोर बसलेल्या माणसाचा त्यानं घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो 'टाकणे'मुळे. "म्या गेम टाकला, पन दिसून नाही रायला" या तक्रारीत बहुतेकदा फाइल नुसती पेनड्राइव्हात पडलेली असते.

पेनड्राइव्ह फॅट३२ या प्रकारात फॉरमॅट केलेला लागतो. त्यावर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एकसंध फाइल मावत नाही, म्हणजे तिथं टाकणंच अडतं. फाइल कुठल्याही फोल्डरात न घालता थेट ठेवा. मग पेनड्राइव्ह कन्सोलला लावा आणि हेन (जेलब्रेक चालू करणारं सॉफ्टवेअर) सुरू करा. कन्सोल बंद करून लावला की दरवेळी ते नव्यानं सुरू करावं लागतं. पुढं गेमच्या रकान्यात पॅकेज मॅनेजर, इन्स्टॉल पॅकेज फाइल्स, स्टँडर्ड, आणि फाइलीवर एक्सचं बटण. चढलेला गेम 'चालेल'च असंही नाही. विकत घेतलेल्या डिजिटल गेमला परवाना लागतो. तो नसेल तर चित्र दिसतं, गेम उघडत नाही.

इथं वऱ्हाडी बोली फार कामाची आहे. पट्टी सरकत असेपर्यंत गेम 'चढून रायला', पूर्ण झाला की 'चढला'. 'चढून रायला' असताना लाइन गेली, तर लाइन आल्यावर कन्सोल आधी हार्ड डिस्क तपासायला घेतो. ती तपासणी पुरी होऊ द्या, अर्धवट गेम पुसा आणि पुन्हा चढवा. म्हणून चढल्याची खात्री होईपर्यंत पेनड्राइव्हातली फाइल उडवू नका.

लिंगाचं सोपं आहे. 'फाइल'मुळे पीकेजी स्त्रीलिंगी, गेम पुल्लिंगी, पॅकेज नपुंसकलिंगी : पीकेजी चढवली, गेम चढला, पॅकेज चढलं.